सरंग्याच्या कानातला खडा

कुडाळच्या मासळी बाजारात सुगंधा तारीला तिच्या नावावरून कुणी चिडवलं, की ती कोयता थांबवून म्हणायची, "वास मारता तो शिळ्या माशाक. माझ्याकडे शिळो होयसर मासो ऱ्हवता खय?" आणि ते खरंच होतं. अकरा वाजायच्या आत तिची टोपली रिकामी व्हायची. अलीकडे बाजारात बहुतेक मासळी तळ्यातली येऊ लागली होती. खाडीपलीकडे झाकलेल्या तळ्यांची रांगच उभी राहिली होती आणि तिथून एका मापाचे, एका रंगाचे सरंगे बर्फात घातलेले रोज येत. सुगंधाच्या टोपलीत मात्र दर्याचा सरंगा असे. निवतीच्या बंदरातून, तिच्या सख्ख्या भावाच्या होडीतून आलेला.

लोक तळ्याचा मासा घ्यायचे, पण चोरी केल्यासारखे. घरी पाहुणे आले की "दर्याचा आहे हो" असं सांगून वाढायचे. मागे एकदा तळ्याच्या मालकांनी कुडाळच्या एका सभागृहात लोकांना बोलावून दोन्ही प्रकारचे तळलेले सरंगे खायला घातले होते. कुठल्या ताटलीत काय आहे ते सांगितलं नव्हतं. निम्म्याहून जास्त लोकांनी तळ्याच्या माशाला दर्याचा म्हटलं. निकाल लागल्यावर निवृत्त मुख्याध्यापक वालावलकर सर उठून म्हणाले, "तुमच्याच ताटल्या बदलल्या असतील. आमची जीभ बदलणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर सुगंधाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तळ्याचा मासा म्हणजे मीठ लावलेला कापूस, असं ते म्हणत आणि सुगंधा ते वाक्य दिवसभर पुढच्या गिऱ्हाइकांना ऐकवत असे.

तिचा भाऊ जगन्नाथ तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. होडीचा प्रमुख म्हणून बंदरावर त्याला जगू तांडेल म्हणत. सुगंधाचा नवरा गेला तेव्हा सानिका, तिची मुलगी, दोन वर्षांची होती. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी जगूने आपल्या होडीतली निवडक मासळी टोपलीत भरली, ती स्वतः बहिणीच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "ह्येच्यातलो एकव मासो दुसऱ्या खयचो नाय. बाजारात बिनधास्त सांग." तेव्हापासून सव्वीस वर्षं ती बिनधास्त सांगत आली होती. सानिका त्याच टोपलीवर शिकली, रत्नागिरीला जाऊन मत्स्यशास्त्रात पदवी घेतली आणि तिथल्याच एका खाजगी प्रयोगशाळेत लागली.

त्या प्रयोगशाळेत 'उगम' तयार झालं.

हातात मावेल एवढं ते यंत्र कसं चालतं हे सानिकाने आईला स्वयंपाकघरात बसून समजावलं होतं. प्रत्येक माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, डाळीएवढा एक खडा असतो. मासा वाढतो तसा तोही वाढतो. रोज त्यावर एक नवा थर चढतो, झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं चढावं तसा. थर चढतो तो ज्या पाण्यात मासा पोहत असतो त्या पाण्यातल्या क्षारांचा. समुद्राच्या पाण्यात हे क्षार एका प्रमाणात असतात, तळ्याच्या गाळलेल्या, औषध मारलेल्या पाण्यात वेगळ्या प्रमाणात. म्हणजे माशाने कुठे दिवस काढले त्याची नोंद त्याच्या डोक्यातच असते. आजवर ती वाचायला डोकं फोडून खडा काढावा लागे, कापावा लागे. 'उगम' डोक्यावर नुसतं टेकवलं की चार सेकंदांत दिवा लागे. हिरवा म्हणजे दर्या, नारिंगी म्हणजे तळं.

"म्हणजे ह्या मासो बोलता तसाच झाला," सुगंधा म्हणाली होती.

"बोलतोच आहे तो. आपल्याला ऐकू येत नव्हतं."

त्या पावसाळ्यानंतर यंत्र बाजारात आलं. सुगंधाने सगळ्यांना सांगून टाकलं, की हे माझ्या चेडवाने, सानिकाने केलंय. यंत्राच्या कंपनीचा माणूस कुडाळच्या बाजारात दाखवायला आला तेव्हा बाकीच्या मासळीवाल्या टोपल्यांवर फडकी ओढत होत्या. सुगंधाने उलट आपली टोपली पुढे सरकवली. "माझ्यापासून सुरू करा," ती म्हणाली. वालावलकर सर काठी टेकत पुढे येऊन उभे राहिले, जणू त्यांच्याच घरचा मुलगा बक्षीस घ्यायला चाललाय.

पहिल्या सरंग्यावर नारिंगी दिवा लागला.

माणसाने यंत्र पुसलं, पुन्हा टेकवलं. नारिंगी. दुसरा, नारिंगी. तिसरा हिरवा, तेव्हा मागून कुणीतरी हुश्श केलं. चौथा आणि पाचवा पुन्हा नारिंगी. शेजारच्या टोपलीतल्या बांगड्यांवर मात्र एकामागून एक हिरवे दिवे लागत गेले.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सुगंधाने उत्तर दिलं असतं. वालावलकर सर नुसतं म्हणाले, "सुगंधाबाई, तुम्हीसुद्धा?" आणि काठी टेकत बाहेर गेले.

तिने तिथूनच सानिकाला फोन लावला. "बाय, खरा सांग. तुझा मशीन चुकता काय?"

पलीकडे सानिकाने कुठलंतरी दार लावून घेतलं. मग सानिका म्हणाली, "नाही आई. मशीन चुकत नाही."

"एकदाव?"

"नाही गं. एकदाही नाही."

सुगंधाने फोन पदराने पुसून कनवटीला लावला. तिला तेव्हा फक्त एवढंच कळलं, की पोरगी खोटं बोलत नाही आणि यंत्र खोटं बोलत नाही, तर मग खोटं बोलणारं एकच माणूस उरतं.

तरी चार दिवस तिने मनाला आवरलं. त्या चार दिवसांत तिला जे दिसू नये ते सगळं दिसत गेलं. जगूच्या होडीवर निळे क्रेट होते आणि त्यावर तळ्यांच्या कंपनीचा पुसट शिक्का होता. ते क्रेट दोन वर्षांपासून तिथेच होते, तिने कधी शिक्का वाचला नव्हता. पाचव्या दिवशी तळ्यांवरून बर्फाची गाडी आणणारा ड्रायव्हर तिला सहज बोलून गेला, "तुमचे तांडेल भेटतात ना आम्हाला. आठवड्यातून दोनदा असतात तळ्यावर."

सुगंधाने त्याला पुढे काही विचारलं नाही. भावाच्या घरीही गेली नाही. गेली असती तर तो अंगणात जाळं शिवत बसलेला दिसला असता, वहिनीने चहा टाकला असता आणि त्या चहापुढे तिला काही विचारता आलं नसतं. ती थेट मच्छीमार सोसायटीच्या सभेत गेली.

सभा बोलावली होती ती यंत्रामुळेच. निवतीची मासळी खोटी अशी बोलवा व्हायला लागली होती. अध्यक्ष बोलत असताना सुगंधा उभी राहिली. साठ-सत्तर पुरुषांत ती एकटी बाई.

"माझ्या टोपलीतले सरंगे माझ्या भावान दिल्यान," ती म्हणाली. "दर्यातले म्हणान दिल्यान. मिया सव्वीस वर्षां लोकांका तसाच सांगितलंय. त्येका हय सगळ्यांसमोर विचारा, ते खयचे होते."

जगू खिडकीपाशी बसला होता. तो उठला. त्याने अध्यक्षांकडे पाहिलंच नाही, बहिणीकडे पाहिलं.

"दर्यातले," तो म्हणाला.

"मगे तळ्यार कित्याक जातस आठवड्यातसून दोनदा?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. बहिणीने आणखी काही बोलावं, याची वाट पाहत असल्यासारखा. मग तो खाली बसला, आणि त्याचं बसणं हेच सभेने उत्तर मानलं. त्या सभेत आणखी दोघे असे होते, ज्यांच्या सरंग्यांवर त्याच आठवड्यात नारिंगी दिवा लागला होता. एक नाव पुढे आलंय, आता आपलं निघणार नाही, अशा हिशेबाने ते गप्प राहिले.

सोसायटीने जगूच्या होडीचा दर्याच्या मासळीचा बिल्ला काढून घेतला. लिलावात त्याच्या मालावर बोली लागेना. महिन्याभरात खलाशी दुसऱ्या होड्यांवर गेले. वहिनी वाटेत दिसली की पदर पुढे ओढून वळायची. सुगंधाने टोपली सोडली नाही, पण आता ती लिलावातून बांगडे घेऊन बसे आणि दुपारी दोनपर्यंत निम्मी टोपली तशीच असे. एकदा बाजाराच्या कोपऱ्यावर नव्या शीतदुकानात वालावलकर सर रांगेत दिसले. हातात तळ्याच्या सरंग्याचं मसाला लावलेलं पाकीट. तिला पाहून ते ओशाळले नाहीत.

"निदान काय आहे ते खरं लिहितात," ते म्हणाले. "आणि सांगू? चवीला वाईट नाही."

कापूस म्हणणारी जीभ एका दिव्याने बदलली होती. मासा तोच होता. सुगंधाला त्या घडीला वालावलकरांचा राग आला नाही, भावाचा आला. त्याने तिची टोपलीच नव्हे, तिची सव्वीस वर्षं खोटी करून टाकली होती. तिने ज्या ज्या माणसाच्या डोळ्यांत पाहून "दर्याचो" म्हटलं होतं, ते सगळे चेहरे तिला आठवत.

मार्गशीर्षात सानिका न सांगता घरी आली. पाय धुतले, चहा घेतला नाही, आईसमोर बसली.

"मामा होडी विकतोय म्हणे."

"विकू दे."

"आई, त्याने तुला फसवलं नाही."

सुगंधा तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली. सानिकाने पिशवीतून फोन काढून एक चित्र तिच्यासमोर धरलं. कापलेल्या खड्याचं, खूप मोठं केलेलं. कांद्याच्या चकतीसारखं. अगदी मधोमध एक काळपट ठिपका आणि भोवती स्वच्छ, रुंद कड्यांमागून कडी.

"हा मामाच्या होडीतला सरंगा. बंदरावरून मी कुणाकडून तरी मागवून घेतला. मधला ठिपका दिसतो ना, ते तळ्याचं पाणी. चाळीस दिवसांचं. आणि हे बाहेरचं सगळं समुद्र आहे. मी मोजलं. सहाशेच्या वर दिवस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मासा जन्मला तळ्यात. चाळीस दिवसांचा असताना समुद्रात गेला. पुढे समुद्रातच वाढला आणि समुद्रातच मामाच्या जाळ्यात आला. सरंगे संपत आले तेव्हा सोसायटीने तळ्यावरची बोटुकली पिल्लं समुद्रात सोडायला सुरुवात केली होती, आठवतं? पिंपं भरून. ती सगळी मरतील म्हणून लोक हसले होते. ती मेली नाहीत, आई. आज तिथे सरंगा आहे तो बहुतेक त्यांचाच. मामाच्याच होडीतून सोडली होती पहिली पिंपं."

सुगंधाचा हात सुपात थांबला. "मगे तुझा मशीन नारिंगी कशाक दाखवता?"

सानिका खाली पाहत बोलली. पूर्ण खडा वाचायला यंत्राला अकरा मिनिटं लागत होती. बाजारात अकरा मिनिटं कोण थांबणार? यंत्र विकणाऱ्या कंपनीला चार सेकंद हवे होते. चार सेकंदांत फक्त मधला ठिपका वाचता येतो, म्हणजे फक्त जन्म. प्रयोगशाळेने तसं अहवालात लिहिलं होतं. कंपनीने विकताना ते पान वगळलं आणि कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, की बाहेर बोलायचं नाही.

"तुझीव सही?"

"माझीही."

"तुका ह्या पयलेपासून म्हायत होता." सुगंधाचा आवाज चढला नाही. "मिया बाजारातसून फोन केलंय तेव्हाव म्हायत होता."

"तू विचारलंस मशीन चुकतं का. ते चुकत नाही गं आई. ते जन्मच सांगतं, आणि जन्म बरोबर सांगतं." आणि मग तिची रत्नागिरीची भाषा गळून पडली, ती लहानपणासारखी हुंदके देत बोलू लागली. "माका वाटला, तू चार दिवस रागावशीत आणि इसारशीत. तू मामाचा नाव घेशीत असा माका कदीच वाटूक नाय."

"मिया माझ्या चेडवाक विचारलंय," सुगंधा म्हणाली, "आणि माझ्या चेडवान माका शब्दात पकडल्यान."

ती उठली, सूप भिंतीला टेकवलं आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिली. एवढी वर्षं तिला वाटे, लबाडी म्हणजे खोटं बोलणं. शब्दन् शब्द खरा बोलूनही माणसाला देशोधडीला लावता येतं, हे तिला तिच्याच पोटच्या पोरीने शिकवलं होतं.

सानिकाने एक केलं मात्र. रत्नागिरीला परत जाऊन राजीनामा दिला आणि वगळलेलं पान तीन वर्तमानपत्रांना दिलं. कंपनीने नोटीस पाठवली, पण बोभाटा झाला तो झालाच. दोन महिन्यांत यंत्राची नवी आवृत्ती आली. आता ते मिनिटभर घेई आणि जन्म आणि वाढ असे दोन दिवे दाखवी. नारिंगीशेजारी हिरवा. असे दोन दिवे लागणाऱ्या माशालाही लोकांनी नाव दिलं, 'सोडलेला सरंगा', आणि तो तळ्याहून बरा, अस्सलाहून किंचित उणा, अशी त्याची पायरीही ठरवून टाकली.

वालावलकर सर पुन्हा आले. काठी टेकवून हसत म्हणाले, "बघा, शेवटी मशीनच चुकलं. आमचं काही मनात नव्हतं हं." त्यांनी सरंगा मागितला. सुगंधाकडे सरंगा नव्हता. तो आणणारी होडी महिन्यापूर्वीच वेंगुर्ल्याच्या एकाला विकली गेली होती. सोसायटीने जगूचा बिल्ला घरपोच पाठवला, तो त्याच्या दारातल्या कट्ट्यावर कित्येक दिवस पडून होता म्हणे.

शेवटी सुगंधा भावाला भेटायला निघाली. घरी वहिनीने दार अर्धंच उघडलं. "कामार गेलेत," एवढंच सांगितलं. कुठे, ते सुगंधाला विचारावं लागलं नाही.

खाडीपलीकडली तळी तिने आयुष्यात कधी जवळून पाहिली नव्हती. त्या बाजूने एसटी गेली की ती खिडकीतून थुंकायची. आत काचेसारखं पाणी होतं, पंप गुरगुरत होते आणि एका काठावर पांढरे रबरी बूट घातलेला जगू पंपाची झडप उघडून बसला होता. त्याचे हात तेलाने काळे झाले होते. ती समोर येईपर्यंत त्याने वर पाहिलं नाही.

"दादा."

"बस," तो म्हणाला. बसायला जागा नव्हती.

"तू हय पंप दुरुस्त करूक येय होतंस?"

"चार वर्षां. दर्यात चार दिवस गेलंय की एक दिवसाची मासळी गावता होती. होडी ठेवूची होती. तुझी टोपली भरूची होती." त्याने चिंधीने बोटं पुसली. "ते क्रेट हेंनीच टाकलेले. फुकट दिल्यानी, म्हणान घेतलंय."

"मगे सभेत बोललंस कित्याक नाय?"

"साठ तांडेलांच्या मधी सांगू, की मी तळ्यार नोकर आसय? तुज्यासमोर? तू हेच्यार थुकतंस." त्याने चिंधी खांद्यावर टाकली. "आणि बोलाक हवा कशाक? मी सांगितलंय मां. दर्यातले. एक शब्द सांगितलंय."

सुगंधाच्या डोळ्यांना धार लागली. "माझा चुकला दादा. माका म्हायत नव्हता. त्या मशीनीत खोट होती. आता नव्या मशीनीन साफ दाखवल्यान, तुझे सरंगे दर्यातलेच होते. सगळ्यांका कळला. तू खरोच होतंस."

जगूने झडप बसवली, नट आवळला. हाताने पंप थोपटून आवाज नीट येतोय का ते ऐकलं. मग बहिणीकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर तिला पाय धरता आले असते.

"मशीनीन सांगितल्यान तेव्हा मी खोटो झालंय," तो म्हणाला. "आता मशीनीन सांगितल्यान म्हणान खरो झालंय. सुगंधा, तुझ्या सांगण्यान मी कदी काय झालंय?"

सव्वीस वर्षं बाजारात कुणालाही निरुत्तर करणारी बाई पदराने डोळे पुसू लागली.

आत कुणीतरी घंटा वाजवली. माशांना खाणं घालायची वेळ झाली होती. जगू उठला, खांद्यावर खाद्याची गोण टाकली आणि कडेकडेने चालत मूठमूठ पाण्यावर फेकू लागला. शेकडो सरंगे वर आले, चंदेरी, एका मापाचे, आणि त्याच्या सावलीबरोबर काठाकाठाने पोहत गेले. दुसऱ्या टोकाला पोचल्यावरही त्याने मागे वळून पाहिलं नाही. सुगंधा फाटकापर्यंत आली तेव्हा शेवटची एसटी नुकतीच निघून गेली होती. ती खाडीच्या कडेने चालत निघाली.